उगवलेलं खत

चिरंजीव वेंडेलिन यास,

थोरल्या बहिणीचे, वाल्बुर्गाचे, पोटभर आशीर्वाद. गुडघा कसा आहे? गिरणीचा पट्टा बदललास का? पत्त्यांचा डाव रंगतच असेल. (मला कसं कळलं, ते खाली वाच.)

तुला ठाऊकच आहे, सुगीच्या सणाला आमच्या चर्चमध्ये वेदीपुढे सगळ्यांची भाजी मांडतात आणि मधली जागा वर्षानुवर्षं शेजारच्या क्रेशेन्सच्या नवलकोलाची. रासायनिक खताला आम्ही दोघीही शिवत नाही, पण ती घालते जनावरांच्या शिंगांचा चुरा. यंदा चर्चच्या पायऱ्यांवर चारचौघींत मी बोलून बसले, की जनावराचं काही न घालता, नुसत्या घेवड्याच्या भरड्यावर हिच्याहून मोठा नवलकोल काढीन. भरड्यात नत्र ठासून भरलेलं असतं, हे खरंच आहे. पण तू गिरणीचे दगड सैल सोडून पत्ते कुटत बसलास आणि अर्धा घेवडा जसाच्या तसा पोत्यात आला. आलोइसनं (माझ्या नवऱ्याला फक्त बिअरचा फेस नीट दिसतो) पोत्यात हात घालून "झकास दळलंय" म्हटलं आणि सगळं रोपांभोवती मातीत कालवलं.

थोड्याच दिवसांत वाफाभर घेवडा तरारून वर! क्रेशेन्स कुंपणावर रेलून म्हणाली, "अगं बाई, तुझं तर खतच उगवलं!" खरं म्हणजे खुरपं घेऊन निमूट उपटायचं. पण आपल्या घराण्याचं नाक आडवं आलं. "मुद्दामच लावलाय," मी म्हटलं, "नवी पद्धत आहे." एकदा असं म्हटल्यावर उपटायचं कुठल्या तोंडानं? घेवडा कमरेएवढा झाला, फुलला, त्यावर भुंगे घोंघावू लागले आणि त्याच्या सावलीत माझे नवलकोल अक्रोडाएवढे राहिले. मी रडले रे, खरंच रडले.

सणाला मान खाली घालून टोपलीभर शेंगाच घेऊन गेले. फादर थबकले. ऑक्टोबरात इतक्या कोवळ्या, हिरव्यागार शेंगा गावात कुणी पाहिल्याच नव्हत्या! त्यांनी क्रेशेन्सचा नवलकोल स्वतःच्या हातानं बाजूला सारला आणि माझी टोपली मधोमध ठेवली. मला इतका आनंद झाला, की स्तोत्र म्हणताना मी सगळ्यांच्या दोन ओळी पुढे निघून गेले. उरलेल्या शेंगांची धुरी दिलेलं डुकराचं मांस घालून भाजी केली. आलोइस अजून बोटं चाटतोय.

तुझी ताई,
वाल्बुर्गा

ता. क. पुढच्या वर्षासाठी तसाच भरडा पाठव. दळताना पत्ते खेळायला विसरू नकोस.

आणखी एक. क्रेशेन्सही तुझ्याकडेच भरडा मागणार आहे. तिचा मात्र डोळ्यांत तेल घालून अगदी बारीक दळ. एक दाणा उगवता कामा नये.

पाकीट चिकटवता चिकटवता आलोइस म्हणतोय, "अगं, बारीक भरड्यावर तिचा नवलकोल भोपळ्याएवढा होईल की!" वेंडेलिन, जाडही नको नि बारीकही नको, काहीच दळू नकोस. मी स्वतः येते. पत्ते काढून ठेव.