एकेचाळीस दात, चौदा भाकरी

धुळे. सोमवार, १ डिसेंबर १९५८. गिरणीचा दुसरा भोंगा झाल्यावर.

धुरपदे, हे तुझ्यासाठी आहे, म्हणजे माझ्याचसाठी, कारण तू विसरतेस. काल किल्ल्या कमरेला खोचून घरभर किल्ल्या शोधल्यास आणि दोन्ही नातींवर आळ घेतलास. म्हणून आजपासून रोजनिशी. मी सांगणार, सून सुगंधा लिहिणार. ती चौथी पास आहे. मला अक्षर येत नाही, पण विसरले की तिच्याकडून वाचून घेईन. मग 'असं ठरलंच नव्हतं' म्हणायची कोणाला सोय राहणार नाही. म्हणजे सुगंधाला.

दुसऱ्या कोणी वाचायचं नाही. सुगंधानेही लिहिताना फार लक्ष देऊ नये.

विषय आमची ओढगाडी. आग्रा रोडवर बंद पडलेले, उलटलेले ट्रक ओढून आणायचे, हा धंदा. गाडी मिलिटरीच्या लिलावातली, पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलेलं. गेल्या आठवड्यात मागच्या एक्सलमधले दात तुटले. नवा जोड घ्यायचाय. माझा मुलगा नथ्थू गाडी चालवतो. कोणता जोड, ते मी ठरवणार.

निश्चय: नथ्थूच्या कामात पडायचं नाही. फक्त हे एकदा.

३ डिसेंबर, बुधवार.

जीवराम मिस्त्रीने अंगणात लोखंड मांडून समजावलं. मला नाही, नथ्थूला. पण मी होते. इंजिनाकडून येते ती लहानगी, तिला सहा-सात दात. तिच्याशी गुंतून फिरते ती मोठी, कड्यासारखी, अंगभर दात. ती चाकं फिरवते. लहानगीला दात कमी आणि मोठीला जास्त, तर गाडी हळू पण जोरकस. उलट केलं तर पळते, पण चढाला दमते. ह्याला रेशो म्हणतात म्हणे. मी म्हटलं, हे तर घरचंच आहे. लहानगी म्हणजे सून, मोठी म्हणजे सासू. सून सात वेळा घरभर पळते तेव्हा सासू एकदा कूस बदलते, आणि संसार पुढे सरकतो. मिस्त्री पोट धरून हसला. सुगंधा लिहिताना हसली नाही.

जळगावला रतिलालशेठच्या भंगारात दोन जोड आहेत. एक सहा-एकेचाळीस, एक सात-छत्तीस. नथ्थूला छत्तीस हवाय. म्हणतो, ओढायचं काम दोर आणि कप्पी करतात, गाडीने फक्त वेळेत पोचायचं. वर म्हणतो, माय, गाडी मी चालाडस. मी म्हटलं, आणि तुले मी चालाडस.

छत्तीसचा आकडा! मला अक्षर येत नाही, पण त्यातले दोघं एकमेकांकडे पाठ करून बसतात, एवढं अख्ख्या खानदेशाला ठाऊक आहे. असली भांडणं एक्सलमध्ये कोण कोंबतं?

निर्णय झाला. एकेचाळीस. पोचतं काय, कोणीही पोचतं. ओढायला जोर लागतो. ते गेले ते जोर कमी पडला म्हणून.

ते म्हणजे नथ्थूचे वडील. नाव मी घेत नाही, सासऱ्याचं नाव सुगंधा घेत नाही, त्यामुळे वहीत ते नुसतेच 'ते' राहणार. सात वर्षांमागे बिजासणीच्या घाटात त्यांचा रुईच्या गाठींचा ट्रक कठड्यावर आदळला, केबिन चेपली, आत ते. धुळ्याहून दुसऱ्या कोणाची ओढगाडी गेली. दोर ताणला, गाडीची चाकं जागच्या जागी फिरली. जोर नव्हता. एवढंच झालं. नथ्थू त्या गाडीत होता, त्याला विचारा.

नको. विचारू नका.

७ डिसेंबर, रविवार. जळगाव.

एस.टी.ने आलो, वही लिहायला सुगंधाही. पारोळ्यापर्यंत मी नथ्थूशी बोलले नाही, एरंडोलनंतर तो माझ्याशी बोलला नाही. त्यामुळे प्रवास चांगला झाला.

भंगारात स्वतः मोजलं. एका दाताला खडू लावला, आणि दातागणिक पदरातला ज्वारीचा एकेक दाणा ताटलीत टाकत गेले. दाणे मग पाचापाचाच्या ढिगांत. आठ ढीग आणि एक दाणा. एकेचाळीस. रतिलालशेठ म्हणाला, माजी, चाळीस वर्षं लोखंड विकतो, पण दाणे घेऊन आलेलं गिऱ्हाईक पहिलंच. मी म्हटलं, शेठ, तुमच्या तोंडातले मोजू का? तेही पूर्ण दिसत नाहीत.

नथ्थूने दोन्ही जोड घेतले. म्हणे एक जास्तीचा असू दे. असू दे. मुलाचं मन मोडू नये. मी कधीच मोडत नाही.

९ डिसेंबर, मंगळवार.

वेस्ता आला. आमच्या गाडीवर दोर बांधतो. पळासनेरपलीकडच्या डोंगरातला, अंगाने खांब. ते अडकले तेव्हा हा घाटात खडी फोडायच्या कामावर होता. त्यांच्याजवळ बसून राहिला होता. आत हात पोचत नव्हता, म्हणून ते पान्याने दारावर ठोका देत, टक टक, आणि हा बाहेरून दगडाने उत्तर देई. आज चहा पिताना पुन्हा तेच म्हणाला, की अक्का, गाडीचा उजेड दिसला तेव्हा ठोका थांबला होता. आधीच थांबला होता.

मी सांगितलं, तुला वेळेचं काय कळतं, तुझ्याकडे घड्याळ तरी आहे का? घड्याळ मलाही कळत नाही. पण माझं वेगळं.

ठोका चालूच होता. गाडी आली तेव्हा चालू होता. जोर नव्हता.

दुपारी अंगणातून आवाज. टक. टक. जाऊन पाहिलं. गाडी जॅकवर चढवलेली, मागचं एक्सल उघडं, आत एकही दात नाही. फिरायला काही नाहीच तर वाजतं काय? मी तिथेच सांगितलं, थांबा, एकेचाळीस आणलाय. आवाज बंद. सुगंधा म्हणते पत्रा उन्हाने तडकतो. सुगंधाला पत्र्यातलं फार कळतं.

११ डिसेंबर, गुरुवार.

उद्या जोड बसवायचा, आणि नथ्थू म्हणतो अमळनेरच्या भागाबाई मावशीला ताप आहे, तू चार दिवस जाऊन ये. भागाबाईला ताप ह्याआधी कधी ऐकला नाही. पण बहीण ती बहीण. मिस्त्रीला निक्षून सांगितलं, सहा-एकेचाळीस. त्याने नथ्थूकडे पाहिलं आणि मग हो म्हणाला. घरच्या मालकाचा मान ठेवतो, संस्कारी माणूस.

१५ डिसेंबर, सोमवार. धुळे.

भागाबाई ठणठणीत. मी आलेली बघून तिला आश्चर्य वाटलं.

जोड बसला. नथ्थूने मला एक भेटही आणलीय. पाण्याच्या हंड्याखाली ठेवायला जाडजूड लोखंडी कडं, वर सगळीकडून दात, हंडा आत कसा घट्ट बसतो. कुठून आणलं म्हटलं तर भंगारातून म्हणाला. मुलाला आईची काळजी आहे. शिवाय दारामागे अडकवायला एक लोखंडी गट्टू, वाऱ्याने दार आपटायचं बंद झालं.

घरातलं सगळं मी मोजते. भांडी, लाकडं, सुगंधाच्या बांगड्या. हे कडं मोजलं नाही. हंड्याखालच्या बैठकीत मोजायचं काय?

सुगंधाला इथे ठसका लागला. पाणी त्याच हंड्यातलं दिलं.

१८ डिसेंबर, गुरुवार.

नव्या जोडाची पहिली खेप, दोंडाईच्याच्या रस्त्याला. नियमाप्रमाणे आधी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकरी. गाडी निघाली की दारात उभी राहते आणि माझ्या चौदा भाकरी झाल्याशिवाय हलत नाही. चौदाच. दोन माणसांना चौदा कशाला हे विचारायचं नाही. नथ्थू विचारत नाही. इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये बसतो, समोर बघत.

चौकापर्यंत मीही केबिनमध्ये बसून गेले. एकेचाळीस काय गुणी आहे! अशी पळाली की पदर सांभाळता येईना. मी म्हटलं, हळू चालणारी ना ही? नथ्थू म्हणाला, माय, रस्ता उताराचा शे. संध्याकाळी परतताना दारातून पाहिलं, तीच गाडी, तोच रस्ता, तशीच पळत आली. म्हणजे येतानाही उतारच असणार. मला तर आधीपासून वाटतंच होतं की हा रस्ता दोन्ही बाजूंनी उतरता आहे.

निश्चय: उद्यापासून नथ्थूच्या कामात पडायचं नाही. आता गरजच नाही.

२६ डिसेंबर, शुक्रवार.

अनर्थ. मी देवळात, सुगंधा नळावर, आणि नथ्थू मिस्त्रीच्या अड्ड्यावरून परस्पर बिजासणीला गेला. घाटात ट्रक अडकलाय, ड्रायव्हर आत आहे म्हणून कोणीतरी सांगत आलं. भाकरी न घेता गेला! सात वर्षांत पहिल्यांदा. मी तरीही चौदा केल्या. टोपल्यात आहेत. दिवसभर त्यांच्याकडे बघत बसले.

आवाज आज अंगणात नाही. गाडीच नाही तर येणार कुठून? तरी मधूनमधून येतो. घरातून.

२७ डिसेंबर, शनिवार.

काढला! ड्रायव्हर जिवंत. पंडित नाव, चाळीसगावकडचा. एक पाय मोडला, बाकी शाबूत. मी वेस्ताला म्हटलं, बघितलास जोर? एकेचाळीसचा जोर! वेस्ताने नथ्थूकडे पाहिलं, नथ्थूने हंड्याकडे पाहिलं. दमलेली माणसं, तहान लागली असेल.

सगळ्या गल्लीला सांगून आले. मंजुळाबाईला दोनदा, तिला कमी ऐकू येतं.

२ जानेवारी १९५९, शुक्रवार.

पंडितला दवाखान्यात भेटून आले, मऊ भात नेला होता. तो रडला. म्हणाला, माय, मी पान्याने दार बडवत होतो. हातातली ताकद गेली, पाना पडला, आणि तेवढ्यात दिवे दिसले. मी ठोकायचा थांबलोच होतो, आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर आत जिवंत कोणी सापडलं नसतं. मी म्हटलं, बाबा, पण ओढायला जोर होता म्हणून. तो म्हणाला, ओढलं कप्पीने, माय. जोर काय, दुसरी गाडीही लावता आली असती.

तापात माणूस काहीबाही बोलतो. त्याला ताप नव्हता, पण येणार असेल.

९ जानेवारी, शुक्रवार.

काही नाही. आवाज आहे.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.

सणाची भांडी घासायला काढली. हंडा उचलला. पदरात तीळ होते. एक दात, एक तीळ. सुगंधा म्हणाली आत्याबाई, राहू द्या ना. पाचापाचाचे ढीग. आठ ढीग आणि एक तीळ.

पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा सुगंधाकडून मोजून घेतलं, तिचाही तेवढाच आला. मग दारामागचा गट्टू काढला. सहा. महिनाभर सून दारामागे उभी आणि सासू हंड्याखाली बसलेली, आणि मी गल्लीत मिरवतेय.

सुगंधाला म्हटलं, तुला ठाऊक होतं. तिने लेखणी खाली ठेवली. वहीत इतके दिवस एकेचाळीस, एकेचाळीस लिहीत होती, एक अक्षर न हलवता. म्हणाली, आत्याबाई, तुम्ही सांगितलं ते मी लिहिलं. मी चिडणार होते. पण ती रडत होती, आणि चिडायला मला कोणीतरी न रडणारं लागतं.

उचल लेखणी. हे मी एकदाच सांगणार.

ते गेले त्या दिवशी ओढगाडी थेट घाटात गेली नाही. आधी आपल्या दारात आली, नथ्थूला घ्यायला. इंजिन चालूच होतं. मी म्हटलं, थांबा, ते सकाळचे उपाशी असतील, आपल्या घरून गाडी भाकरीवाचून जात नाही. पाच झाल्या तेव्हा त्या ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी ओरडले, माणूस उपाशी ठेवता का? वेस्ता तिकडे दगडाने उत्तर देत होता आणि मी इकडे भाकरी थापत होते. टक टक, माझ्याही हाताचा तोच आवाज. चौदा झाल्या, फडक्यात बांधल्या, मग गेली.

जोर होता तिच्यात. चाकं जागच्या जागी फिरली हे मी कुठून ऐकलं ते मला आठवत नाही. कोणी सांगितलं नसावं.

नथ्थू केबिनमध्ये होता. समोर बघत बसला होता. हाक मारली नाही. सात वर्षं बोलला नाही, आणि दर खेपेला माझ्या चौदा होईपर्यंत तसाच बसतो. आईला थांब म्हणता येत नाही, म्हणून त्याला पळणारी गाडी हवी होती. माझ्या भाकरींचा वेळ त्याला रस्त्यात भरून काढायचा होता.

आज तीळगूळ दिला तेव्हा तो पाया पडला. मी कडं परत हंड्याखाली ठेवलं.

१७ जानेवारी, शनिवार. पहिल्या भोंग्याच्या आधी.

शिरपूरकडून येणारा एक ट्रक निरोप टाकून गेला. बिजासणीला गाडी कलंडलीय, आत दोघं. नथ्थू दारात आहे. इंजिन चालू, वेस्ता मागे चढलाय, आणि हा वेडा माझी वाट बघतोय, समोर बघत.

सुगंधा, हे काय लिहीत बसलीस, ऊठ. चूल पेटवू नको. टोपल्यात कालच्या दोन भाकरी आहेत, कडक झाल्यात, तशाच दे. सोबत एक कांदा, सोलू नको. फडकं शोधू नको. हातात दे आणि पळ.