कशाला बाजार?

नाशिक, गुरुवार, १२ नोव्हेंबर १९८१

आज रघुनाथने शेवटी विचारलंच. पिंपळगावच्या बाजारात मी शिवलेले फ्रॉक विकते, शेजारी त्याचं चपलांचं दुकान असतं. "आपण लग्न करू," म्हणाला. केवढा आनंद झाला मला! मग म्हणाला, "आता एस.टी.चे धक्के बंद. घरात आल्यावर तुला कशाला बाजार?"

किती मायेनं बोलला. पण पहिला नवराही मायेनंच बोलला होता, आणि मी शिलाई मशीन विकून टाकलं होतं. कशाला बाजार? त्यानं सोडल्यावर या बाजारांनीच मला उभं केलं, हे रघुनाथला कसं सांगू? त्याच्यावर जीव जडलाय, तरी फ्रॉकांचं गाठोडं उचललं. मान खाली घालून गाडीत बसले. खिडकीतून पाहिलं तर तो हसत होता. मी लाजले, असंच त्याला वाटलं.