फुलीचा टाका

दिग्रस, शनिवार, १२ डिसेंबर १९५९

आज महिला मंडळाच्या बैठकीत अध्यक्षबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "शिवणवर्गात तुम्ही बायकांना क्रॉस काढायला शिकवता. कॉन्व्हेंटमध्ये शिकलात ना, तिथलंच हे!" अहो, क्रॉस-स्टिच! नुसता भरतकामाचा टाका. वर्ग बंद करायचं जवळजवळ ठरलंच. वीस वर्षांपासूनची माझी मैत्रीण कुसुम शेजारी बसून बांगड्या फिरवत राहिली.

उठली ती वर्गातली गया. "काहून बोलता जी बाईले? फुलीचा टाका हाय थो. मी आत्ताच तं बौद्ध झाली, एका टाक्यासाठी पुन्हा धरम बदलू काय?"

सगळ्या हसल्या, अध्यक्षबाईसुद्धा. वर्ग वाचला.

हीच गया परवा माझा रुमाल उलटा करून म्हणाली होती, "बाई, मांगून तुमचा टाका ढिला हाय." केवढा राग आला होता मला! का यावा? शाळेतल्या आमच्या सिस्टरही रुमाल आधी उलटाच करून पाहायच्या. कुसुमला मात्र माझं सगळंच नेहमी सुंदर वाटत आलं.

किती उपकार गयाचे. तो रुमाल उसवायला घेतलाय. सोमवारी आधी तिलाच दाखवीन, उलट्या बाजूनं.