तिचे ओठ

गुरुवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही ठीक आहोत. माझे टाके सुकलेत. हे ऑफिसला जायला लागलेत. बाळही ठीक, म्हणजे जशी होती तशीच, काचेच्या पेटीत. दोन महिने आधी आली ना, श्वास अजून मशीनच देतंय.

ती कुणासारखी दिसते, असं तू फोनवर विचारलंस आणि मी आवाज तुटतोय म्हणून फोन ठेवला. तो तुटत नव्हता. मलाच ठाऊक नव्हतं. तोंडात नळी, वर चिकटपट्टी. नाकाखालचं काही दिसतच नाही. आणि खरं सांगू? मी बघायला जातच नव्हते. काढलेलं दूध दारातच सिस्टरच्या हाती द्यायचं आणि जिन्यात बसायचं. आत हे जायचे. जीव लावला आणि ती गेली तर?

काल सिस्टरनी बाटली घेतलीच नाही. हात धुऊन आत या म्हणाल्या. नळी घासून हिरडी लाल झाली होती, म्हणून ती ओठाच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवायची होती. डॉक्टरांनी नळी धरली, सिस्टरनी पट्टी ओली करून सोडवली आणि मशीन कोकलायला लागलं. ऑक्सिजनचे आकडे भराभर घसरले. पळावंसं वाटलं, पण पेटीची कड धरून उभी राहिले. डॉक्टर फुगा दाबून श्वास देत राहिले, तेव्हा कुठे आकडे वर आले.

नवी पट्टी लावायच्या आधी सिस्टरनी कापसाची काडी माझ्या दुधात भिजवून पुढे केली. "गालाच्या आतून फिरवा. तोंड कोरडं पडलं की जखमा होतात."

"नळीला धक्का लागला तर?"

"थांबू या. घाई नाही."

थांबले असते तर परत जिन्यात जाऊन बसले असते. तशीच फिरवली. तिने जिभेनं काडी चाचपली, ओठ आवळले. ताई, खालचा ओठ तुझा आहे, रुसल्यावर पुढे येतो तसा.

उद्या नळी काढून बघणार आहेत. पुढचं डॉक्टर बोलत नाहीत, मी विचारत नाही.

शुक्रवार

पत्र टाकायचं राहिलं. सकाळी नळी काढली. श्वास घेते, मधेच विसरते. तळव्याला टिचकी मारली की पुन्हा घेते. पण ती रडली, ताई. नळी होती तोवर तिचा आवाजच फुटत नव्हता. आज पहिल्यांदा ऐकला.

तू ये. एकटीनं एवढं घाबरणं झेपत नाही.

पेटीशेजारच्या स्टुलावरून,
तुझी धाकटी