राहण्यालायक नाही

३ नोव्हेंबर
आज नव्या घरात आलो. वरचा मजला, खाली मालकाचं बंद गोदाम, म्हणजे डोक्याला कटकट नाही. पुढची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि तीन खिडक्या! आक्काचा पलंग मोठ्या खिडकीपाशी लावला. थोरली बहीण माझी. चार वर्षांपूर्वी तिची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तिच्या छातीला ओल सोसत नाही, म्हणून तर जुनी खोली सोडली. तिथे छत गळायचं. मी त्या मालकाशी तोंडाने भांडभांड भांडले आणि शेवटी हात हलवत बाहेर पडले. भाडेकरू संघाच्या बाई म्हणाल्या, तोंड आवरा, लिहून द्या, नक्कल ठेवा, आणि काय मोडलं, मालक काय म्हणाला, सगळं तारीख घालून वहीत उतरवा. म्हणून ही वही. चौथीपर्यंत शिकले, दिवसभर लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करते, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. असू दे. वाचणाऱ्याने वाचावं.

नवा मालक गोड आहे. काही सांगा, हो हो, करू की. मी त्याचं नाव होहो ठेवलं. आक्का अर्ध्या तोंडाने हसली.

९ नोव्हेंबर
स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल निघाली. हात लावला की पोपडा हातात. होहोला सांगितलं तर म्हणाला, लेखी द्या ताई, म्हणजे विसरायला नको. असा मालक दिवा घेऊन शोधला तरी सापडणार नाही. मग मीही हात आखडला नाही. ठणकावून लिहिलं, स्वयंपाकघर वापरण्याच्या लायकीचं नाही. खाली सही ठोकली.

१२ नोव्हेंबर
कामावरून आले तर स्वयंपाकघर नाही.

दार होतं तिथे भिंत. वर रंग, तोही वाळलेला, जसा काही दहा वर्षांपूर्वी दिलाय. स्टो आणि भांडी आक्काच्या पलंगाखाली नीट रचून ठेवलेली. होहोला जाऊन धरलं. तो शांतपणे म्हणाला, लायकीचं नाही असं तुम्हीच लिहिलंत ताई, उद्या तुम्ही आजारी पडलात तर पाप कोणाच्या माथी? मी त्याला पापबिप चांगलं ऐकवलं. संघाच्या बाई म्हणाल्या, दुरुस्ती मालकानेच करायची असते, राहत्या भाडेकरूची जागा अशी बंद करता येत नाही, पुन्हा लिहा, पण मोजकं लिहा.

आक्काला विचारलं, कोण आलं होतं, कधी बांधली भिंत. तिने डोळे मिटून घेतले.

१७ नोव्हेंबर
खिडक्यांच्या फटीतून वारा येतो, आक्का रात्रंदिवस खोकते. न्हाणीघरात पाणी तुंबतं. या वेळी तेवढंच लिहिलं. एक शब्द जास्त नाही. तीन नकला काढल्या.

१९ नोव्हेंबर
वारा आता येत नाही. खिडक्याच नाहीत. न्हाणीघरही गेलं. होहो म्हणाला, पिंप जिन्यात ठेवलंय, संडास जिन्याखाली आहे, बघा, तक्रारीला जागाच ठेवली नाही की नाही?

दुसरी खोली शोधतेय. घरात आजारी माणूस आहे म्हटलं की लोक तोंडावर दार लावतात.

२१ नोव्हेंबर
भिंतींना घाम येतो. आक्काच्या छातीतून शिट्टी वाजते. माझं डोकं फिरलं. लिहिलं, हे घर माणसाच्या राहण्यालायक नाही, इथे कोणी राहूच शकत नाही. जाऊन त्याच्या अंगावर फेकलं. त्याने कागद उचलला, झटकला, चार घड्या घालून खिशात ठेवला. आभार मानले माझे.

२३ नोव्हेंबर
भिंत कुठे फोडता येईल म्हणून ठोकून बघत होते. पलंगाच्या उशामागची भिंत पोकळ वाजली. त्या बाजूला आमचं काही नव्हतंच कधी.

मी तीनदा ठोकलं.

आतून तीनदा आलं.

होहोला विचारलं. म्हणाला, ती आधीच्या बाईंची खोली. त्याही तुमच्यासारख्याच हो, सगळं लेखी.

२४ नोव्हेंबर
कागद परत मागितला. देत नाही. सरकारी कचेरीतला माणूस आला, दारात उभा राहून माझा कागद वाचला. मी त्याच्यासमोर, हातभर अंतरावर. ओरडून सांगितलं, आम्ही राहतो इथे, दोघी बहिणी. त्याने माझ्या खांद्यावरून आत बघितलं, होहोला विचारलं, घर रिकामं आहे ना. हो हो.

आक्काला एकटीने जिना उतरवणं माझ्याने होत नाही. लॉन्ड्रीतल्या दोघी उद्या दुपारी येतील, चादरीत घालून उतरवू. कुठे जायचं ते मग बघू.

२५ नोव्हेंबर, सकाळ
आक्काचे कपडे बांधत होते. पाठीमागे थापी घासल्याचा आवाज. वळले तर दारात कमरेएवढी भिंत.

ढकलली. हलत नाही. लाथा घातल्या —

गवंडी खाली बघून विटा लावतोय. त्याला शिव्या दिल्या, मग बाबा म्हटलं, दादा म्हटलं. पाया पडले. त्याने होहोला विचारलं, आत कोणी आहे का, आवाज येतो. होहोने खिशातून कागद काढून वाचून दाखवला. माझाच.

छातीपर्यंत आली.

पलंगामागे ठोकतायत. थांबतच नाहीत. आक्का बघते माझ्याकडे, फक्त बघते —

दिवा गेला. वरच्या फटीतून उजेड आहे तेवढा.

ओरडले, माझी काही तक्रार नाही, कसलीच नाही. होहो फटीशी आला. गोड आवाजात म्हणाला, तसं लेखी द्या ताई.

लिहिते. पान फाडून देते. थांबा म्हणावं त्याला —

मी लिहून देते की या घराबद्दल माझी तक्रार नाही. भिंती कोरड्या आहेत. वारा येत नाही. घर उत्तम आहे. इथे मी आणि माझी बहीण राहतो, दोघी जिवंत, दोघी राह—

एकच वीट उरली, हात जात नाही, कागद तरी —

लिहून देणार, खाली सही कर