पानाच्या कोपऱ्यावरचं बोट

३ मार्च

सोलापुरात उतरले, उन्हाने जोरदार स्वागत केलं. सात रस्त्याजवळ खोली मिळाली. घरमालकीण सोजरबाईंनी आल्या आल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे ठेवली. पुण्यातल्या मैत्रिणी म्हणत होत्या, बुद्धप्रिया, एवढ्यात बाहेरगावचं काम घेऊ नकोस. पण घरात बसून भिंतींकडे किती बघायचं? इथल्या एका वाचनालयाची जुनी पुस्तकं संगणकावर चढवायची आणि ते काम तिथल्या माणसांना शिकवायचं. माणसं दोनच, सुंदरम्मा आणि एजाजभाई. सुंदरम्मांना माऊस धरायची भीती, एजाजभाईंना तो सोडवत नाही. जमेल.

५ मार्च

आज बोटांचा धडा. वर कॅमेरा, खाली उघडं पुस्तक. पान उडतं म्हणून कोपरा बोटाने दाबायचा, पण मग बोटाचाही फोटो येतो. त्यावर उपाय म्हणजे गुलाबी रबरी टोप्या. बोटांवर चढवल्या की संगणक तो रंग ओळखून बोट पुसून टाकतो. टोपी विसरलात की बोट फोटोत राहिलंच. नियम एकच सांगितला, बोट दिसलं की फोटो डिलीट, दयामाया नाही. सुंदरम्मा हमखास विसरतात. घरी विड्या वळणारी बोटं, त्यांना झाकून घ्यायची सवय नाही. त्यांच्या तऱ्हा बघून आम्ही तिघं पोट धरून हसलो. मला अजून हसता येतं, हे आज कळलं.

९ मार्च

मुलांच्या जुन्या मासिकांचे खंड काढले. एका चित्राच्या पानाच्या फोटोत सुंदरम्मांचं उघडं बोट, आणि त्याला चिकटून आणखी एक. मी रागावले. त्या म्हणाल्या, "माझं न्हाय की म्याडम, माझं एवढं बारकं कुटंय?"

खरंच लहान होतं. नख अर्धं काळं.

माझ्या प्रतिक्षाचं नख शाळेच्या रिक्षाच्या दारात चेमटलं होतं. डॉक्टर म्हणाले, वाढता वाढता काळं निघून जाईल. त्याआधीच डेंग्यूने तिला नेलं. सात वर्षांची होती. गोष्ट वाचताना पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवायची. चित्र बघून झाल्याशिवाय मला पान उलटू द्यायची नाही.

मी तो फोटो डिलीट केला नाही.

१३ मार्च

चित्र असलं आणि सुंदरम्मा टोपी विसरल्या, की ती येते. मी सगळे फोटो वेगळे ठेवतेय. नखावरचं काळं वर वर सरकतंय. नख वाढतंय! मला आनंद झाला, खोटं कशाला लिहू. आता सुंदरम्मांना टोपीची आठवणही करत नाही.

त्यांचं बोट बधिर झालंय म्हणे. विडीला दोरा बांधता येत नाही. त्यांचं नख बघितलं. मुळाशी काळं.

१७ मार्च

सुंदरम्मा आल्या नाहीत. एजाजभाई म्हणाले, डेंग्यू आहे, प्लेटलेट घसरतायत. शेवटच्या फोटोत प्रतिक्षाचं नख लख्ख. गुलाबी. निरोगी.

हे मी काय वाढवतेय?

१८ मार्च

एक फोटो डिलीट केला. तासाभरात एजाजभाईंचा फोन, ताप उतरतोय. मला राहवलं नाही. तो फोटो रिसायकल बिनमधून परत आणला.

संध्याकाळी ताप पुन्हा चढला.

१९ मार्च

दवाखान्यात गेले. सुंदरम्मांची लेक उशाशी बसून होती, आईचा हात हातात घेऊन. सुंदरम्मांनी डोळे उघडले. म्हणाल्या, "ती बारकी पोर कोन हाय वो म्याडम? लई घट्ट धरती."

पळत बाहेर आले. जिन्यात बसून रडले.

२० मार्च, सकाळ

डिलीट करतेय. प्रत्येक फोटोआधी तिचं नाव घेतलं. जसजसे फोटो कमी होतायत, तसतसा उरलेल्यांत तिचा हात पुढे येतोय. आधी बोट, मग तळवा. उताणा. शाळेच्या फाटकातून टाटा करायची तसा—

शेवटचाही गेला. बिन रिकामं केलं. दुसऱ्यांदा पोर गेली माझी.

दुपार

एजाजभाईंचा फोन. सुंदरम्मा उठून बसल्या, पेज मागितली. बरं झालं. खरंच बरं झालं.

एजाजभाई तिकडेच आहेत. इथे मी एकटी. तेच पहिलं चित्राचं पान उघडलंय. बोटावरची टोपी काढून ठेवली.

दुसऱ्या कुणाचं नको, बाळा. माझं घे.

—स्क्रीनवर माझं बोट. शेजारी

आली

डाव्या हाताने लिहितेय. उजवा पानावरून निघत नाही. मनगटापर्यंत गार. ती दाबतेय, लई जोर— एवढा जोर तिला कधीच—

भीती वाटतेय. सोड गं— नको, सोडू नकोस—

बघ, चित्र बघ. आई पान उलटत नाहीये. तू म्हणशील तेव्हाच उल