रॅम्पच्या हँडलवरचं प्लॅस्टिक

पार्सिपनी, मंगळवार, १४ नोव्हेंबर १९९५

आज इन्स्पेक्शनमध्ये माझी टॅक्सी फेल झाली. माझ्यासारख्या व्हीलचेअरच्या टॅक्सी-व्हॅनचं लायसन्स रिन्यू करायचं तर पॅसेंजर खुर्चीतून न उठता रॅम्पवरून आत गेला पाहिजे, असा इथल्या टाऊनशिपचा, म्हणजे नगरपालिकेचा, नियम आहे. मी मागच्या दारातला रॅम्प बाहेर ओढला आणि तो अर्ध्यावरच अडकला. इन्स्पेक्टर बाई वाकल्या, हँडलवरच्या प्लॅस्टिकला बोट लावून म्हणाल्या, "हा कधी वापरलाच नाही?"

नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक आमच्याकडे कोण काढतं? पण खरं कारण ते नाही. माझे रोजचे पॅसेंजर गायकवाड काका व्हीलचेअरवर असतात; त्यांना मी दोन वर्षं स्वतः उचलून पुढच्या सीटवर बसवतो. मोठ्या माणसाला सामानासारखं मागून चढवायचं, हे मला बरं दिसत नाही. बाईंना तसं सांगितलंही. जरा ऐटीतच.

डेमोसाठी आलेले काका शेजारीच खुर्चीत बसले होते. बाईंनी त्यांनाच विचारलं, "तुम्हाला कसं चढायला आवडेल?"

"रॅम्पवरून," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून मराठीत, "रागावू नकोस हं. पण तू उचललंस की मी डोळे घट्ट मिटून घेतो."

 

शुक्रवारी परत इन्स्पेक्शन आहे, तोवर गाडी बंद. घरी येऊन रॅम्पला तेल घातलं, तो सुटला. प्लॅस्टिकही काढलं, एका ओढीत निघालं.

काका डोळे मिटतात, हे मी रोज बघत होतो. मला वाटायचं, त्यांना निवांत वाटतंय.